नारळ

यंदा आरतीला नारळ कोण आणणार, असं ॲडमिनच्या माणसाने विचारलं, तर मागून कुणीतरी म्हणालं, "एचआरकडे भरपूर आहेत की." सगळे हसले. मग एकदम गप्प.

हिंजवडी फेज टू, सहावा मजला. अकरा वर्षं मी इथे प्रॉडक्शन सपोर्टला आहे, म्हणजे क्लायंटची चालू सिस्टीम अडली की ती सोडवायची. एके काळी आमची गणपती कमिटी म्हणजे भांडणांचा आखाडा असायची. मखर कसलं, मोदक कुणाकडचे, यावरून माणसं आठवडाभर बोलायची नाहीत. यंदा नावांची शीट तीन दिवस फिरली आणि दोन नावं आली. कमिटीत नाव म्हणजे 'हिच्याकडे वेळ आहे', हे सगळ्यांना कळून चुकलंय.

पावणेदोन वर्षांत नोकरकपातीच्या तीन फेऱ्या झाल्या. पहिलीचं कारण तरी समजत होतं. क्लायंट अमेरिकेतला. तिकडे मार्च २०२२ मध्ये शून्याला टेकलेला व्याजदर जुलै २०२३ पर्यंत सव्वापाच-साडेपाच टक्क्यांवर गेला, पैसा महागला, प्रोजेक्ट आटले. पुढच्या दोन्हींना कारणं बदलत गेली. आधी 'सगळं क्लाउडवर', म्हणून पोरांनी रात्री जागून सर्टिफिकेशनं केली. मग 'आधी एआय', आणि तीच पोरं बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना बसून. टाउन हॉलमध्ये, म्हणजे सगळ्या कंपनीच्या मीटिंगमध्ये, रोडमॅपची स्लाइड आली की पूर्वी लोक फोटो काढायचे. आता कुणी मोबाइल वर करत नाही.

पद्धत ठरलेली. सकाळी पंधरा मिनिटांच्या 'क्विक कनेक्ट'चं निमंत्रण येतं, आणि समोर राजीनाम्याचा तयार मसुदा, त्यात 'स्वेच्छेने' छापलेलं. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात छाटणी केली तर नोकरीच्या दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार, शिवाय शेवटी आलेला आधी जाईल, असं लिहिलं होतं. राजीनामाच दिला की छाटणी झालीच कुठे? आणि तो हक्क 'कामगार' या व्याख्येत बसणाऱ्याचा. गळ्यात पट्टा अडकवून आपण स्वतःला कामगार म्हणवून घ्यायला लाजतो, तेही खरंच.

दुसऱ्या फेरीत आमचा डीबीए, डेटाबेस सांभाळणारा, गेला. मजल्यावरचा सगळ्यात नीट माणूस. महिनाअखेरच्या बॅचची, म्हणजे एका दमात चालणाऱ्या कामांच्या गठ्ठ्याची, एकेक खोड त्याने विकीवर, टीमच्या सामायिक नोंदवहीत, स्क्रीनशॉटसकट लिहून ठेवली होती. त्याची केटी, म्हणजे जाताना काम दुसऱ्याला समजावून देणं, दोन दिवसांत आटपली, सांगायचं काही उरलंच नव्हतं ना! आणि स्वतःच्या स्क्रिप्ट कुणाला सापडणार नाहीत अशा फोल्डरमध्ये ठेवणारे एक गृहस्थ अजून आहेत, मजेत आहेत. मजल्याने घ्यायचा तो धडा घेतला. विकीवरची शेवटची नोंद गेल्या डिसेंबरची आहे.

मी वेगळी वागले असते तर हे लिहायला बरं वाटलं असतं. जुलैत एका रात्री अडीचला सांगलीच्या पोराचा फोन आला. दोन वर्षांचा अनुभव, आवाज कापत होता. "ताई, सेटलमेंटची फाइल तिसऱ्यांदा अडकली. रीरन टाकू का?"

रीरनच्या, म्हणजे फाइल पुन्हा चालवण्याच्या, आधी लॉक टेबलमधली, कुठली फाइल अडवून ठेवलीय त्या यादीतली, एक ओळ उडवावी लागते. एवढंच. फोनवर सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं.

"थांब, मी लॉगिन करते."

चार मिनिटांत फाइल गेली.

"काय केलंत ताई?"

"काही नाही रे, कधीकधी होतं असं."

हेच लॉक टेबल मला पहिल्या वर्षी आमच्या लीडने खालच्या टपरीवर शिकवलं होतं. बाकड्यावर चहाच्या ग्लासची ओली वर्तुळं उमटवून, हे टेबल, ही फाइल, ही बॅच, असं. कटिंगचे पैसेही त्यांनीच दिले होते.

विसर्जनानंतरच्या रविवारी मी विकी उघडली. पानाला शीर्षक दिलं, ती ओळ कशी उडवायची ते लिहिलं, दोन स्क्रीनशॉट लावले. 'पब्लिश'वर कर्सर नेला आणि बँकेचा मेसेज आला, घराचा हप्ता कापल्याचा.

पान ड्राफ्टमध्ये आहे. परवा त्या पोराने पुन्हा विचारलं. म्हटलं, निवांत सांगते कधीतरी.