देवघरातली माळ आणि सात मेगाहर्ट्झवरची घरघर

मी अमळनेरला राहतो. हॅम रेडिओचं, म्हणजे हौशी बिनतारी संदेशांचं लायसन्स आहे, गच्चीवर ४० मीटर बँडचा, म्हणजे सात मेगाहर्ट्झच्या आसपासचा डायपोल (तारेची अँटेना) ताणलाय. दिवाळीपासून रोज दिवेलागणीला सात मेगाहर्ट्झवर घरघर सुरू व्हायची. कोणी बोलत नसतानाही सिग्नलची ताकद दाखवणारा मीटर एस ९ वर, जणू जोरदार सिग्नल आहे. कोल्हापूरचे एक काका पाच वॅटवर हाक मारतात, त्यांचा आवाज त्यात पार बुडायचा. महिनाभर मी अँटेनाचेच जोड तपासत राहिलो.

एका संध्याकाळी लाईट गेली. सेट बॅटरीवर होता. घरघर गायब, मीटर एस ४ वर! पाच एस युनिट म्हणजे ३० डेसिबल, पॉवरमध्ये हजारपट फरक. पण अंधार गल्लीभर होता; दोष आपला की शेजारचा, कळेना. दुसऱ्या दिवशी फक्त आमचा मेन स्विच पाडला. पुन्हा शांत. म्हणजे घरातलंच.

आधी संशय मिक्सरवर होता. पण त्याच्या कार्बन ब्रशच्या ठिणग्यांची कडकड मिक्सर थांबला की थांबते. ही सलग होती, आणि डायल फिरवला की साधारण दर ६० किलोहर्ट्झला उसळायची. हे स्विचिंग सप्लायचं लक्षण. तो सेकंदाला हजारो वेळा करंट तोडतो-जोडतो, त्याचे हार्मोनिक, म्हणजे मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीतल्या लहरी, थेट सात मेगाहर्ट्झपर्यंत चढतात. स्वस्तातल्या अडॅप्टरमध्ये फिल्टर बसवलेलाच नसतो, मग घरचं वायरिंगच अँटेना होतं.

एकेक एमसीबी पाडला. पुढच्या खोलीचा पाडला आणि आवाज गेला. तो परत चढवून शॉर्टवेव्हचा ट्रान्झिस्टर हातात घेऊन भिंतीकडेने फिरलो.

“काय करी ऱ्हायना रे?” आईने विचारलं.

देवघरापाशी रेडिओ अक्षरशः ओरडला. दिवाळीत आणलेली एलईडी माळ, तिचा काळा अडॅप्टर हाताला कोमट. आई सांजवातीबरोबरच ती लावते.

माळ काढायची नव्हती, ती आईची हौस. असा गोंगाट दाबणाऱ्या फेराइट रिंगमधून (चुंबकीय कड्यातून) वायरीचे नऊ वेढे घेतले. एस ६ पर्यंत उतरलं, पण काका ऐकू येईनात. शेवटी अडगळीतला जड, ट्रान्सफॉर्मरवाला, स्विचिंग नसलेला १२ व्होल्टचा अडॅप्टर काढला, व्होल्टेज मल्टिमीटरवर मोजून घेतलं आणि जोडला.

त्या संध्याकाळी आईने वात लावली, माळ लागली. मीटर एस ४ वरच राहिला. नि काकांनी माझा कॉलसाइन (हवेतलं नाव) घेतला तो पहिल्याच हाकेला ऐकू आला.