लाल रंगाची तीन मिनिटं

बोटीवरच्या वायरलेस रूममध्ये भिंतीवर एक घड्याळ असायचं. साधंच, पण त्याच्या डायलवर दोन लाल पाचरी रंगवलेल्या असायच्या, एक १५ ते १८ मिनिटांच्या मधे आणि दुसरी ४५ ते ४८ च्या मधे. मिनिटकाटा लाल रंगात शिरला की जगातल्या कुठल्याही बोटीनं, कुठल्याही किनाऱ्यावरच्या स्टेशननं ५०० किलोहर्ट्झवर, म्हणजे हाका मारायच्या आणि संकटाच्या लहरीवर, मोर्सचं एक टिंबसुद्धा वाजवायचं नाही, फक्त ऐकायचं. तासातून दोनदा, रात्रंदिवस. कुणाचा क्षीण आवाज येतोय का ते बघायला सगळ्यांनी मिळून गप्प बसायचं. माणसांनी काढलेला इतका सुंदर नियम मी दुसरा पाहिला नाही आणि हे मी अगदी मनापासून लिहितोय, कारण त्या तीन मिनिटांमुळे काय झालं ते मी स्वतः कानानं ऐकलंय.

मी रेडिओ ऑफिसर होतो. खलाशी आम्हाला वायरलेसवाल्या मार्कोनीच्या नावानं ‘मार्कोनी साब’ म्हणायचे, आणि ते चुकीचं नव्हतं, कारण १९८४ सालीसुद्धा आमचं काम टायटॅनिकच्या काळातलंच होतं. तीच मोर्सची की (टिंब-डॅश वाजवायची दांडी), तोच ६०० मीटरचा पट्टा (५०० किलोहर्ट्झ म्हणजे तेच), तोच एसओएस, जो १९०६ च्या बर्लिनच्या परिषदेत ठरला. सेकंड क्लासच्या सर्टिफिकेटला मिनिटाला २० शब्द साधा मजकूर आणि १६ कोड ग्रुप (अर्थ नसलेल्या अक्षरांचे गट) घ्यावे लागायचे, कानानं ऐकून हातानं लिहायचं. खोलीत मार्कोनी कंपनीचाच ओशनस्पॅन ट्रान्समीटर, अटालांटा रिसीव्हर, कोपऱ्यात लोडस्टोन नावाचं डायरेक्शन फाइंडर (सिग्नल कुठल्या दिशेनं येतोय ते सांगणारं यंत्र), आणि मेन लाइट गेली तर सहा तास पुरतील अशा २४ व्होल्टच्या बॅटऱ्यांवर चालणारा छोटा इमर्जन्सी ट्रान्समीटर.

जूनचा दुसरा आठवडा होता. अकाबाहून रॉक फॉस्फेट भरून आम्ही मद्रासला चाललो होतो, एडन मागे टाकून मिनिकॉयच्या दिशेनं. पावसाळा नुकताच लागलेला. ज्यांनी जूनमधला अरबी समुद्र पाहिलाय त्यांना सांगायला नको, नैऋत्येकडून येणारी ती लांब फुगलेली लाट, बोट एका कुशीवर जाते आणि तिथंच जरा थांबते, मग परत येते, आणि त्या थांबण्यातच पोटात गोळा येतो. दोन दिवस सूर्य दिसला नव्हता. तेव्हा जीपीएस नव्हतं, सेक्स्टंटनं सूर्य किंवा तारे घेतले तरच आपण नक्की कुठे आहोत ते कळायचं, नाहीतर वेग आणि दिशा धरून हिशोबानं नकाशावर खूण करायची. सेकंड मेट (नकाशा सांभाळणारा अधिकारी) दर तासाला बाहेर येऊन ढगांकडे बघायचा आणि काही न बोलता आत जायचा.

हेडफोनमध्ये तर नुसती विजांची कडकड. ५०० वर एरवीही बाजार असायचा, या बोटी कोचीनला हाका मारतायत, त्या मुंबईला, कुणी कोलंबोला, एकावर एक चढलेले सूर. जुन्या माणसाला त्यातून आपला सूर निवडून काढता यायचा पण त्या दिवशी खरंच कठीण होतं.

माझी वॉच, म्हणजे ऐकायची पाळी, संपली होती. एकटा रेडिओ ऑफिसर असला की दिवसाला आठ तास वॉच, तीही तुकड्या-तुकड्यांनी, बाकी वेळ ऑटो अलार्म लावून ठेवायचा. म्हणजे असं की संकटातल्या बोटीनं एसओएसच्या आधी चार-चार सेकंदांचे बारा डॅश पाठवायचे, मधे एक-एक सेकंद थांबायचं, आणि आपल्या यंत्राला त्यातले तीन-चार जरी नीट मिळाले तरी घंटा वाजायची, खोलीत, माझ्या केबिनमध्ये आणि ब्रिजवर. यंत्र चांगलं होतं, रोज टेस्ट करायचो. पण सिग्नल क्षीण असेल आणि वर विजांचा आवाज असेल तर यंत्राला डॅश कुठे सुरू झाला आणि कुठे संपला ते समजत नाही, कानाला समजतं.

मला शिकवणारे मास्तर पहिल्याच आठवड्यात टायटॅनिक सांगायचे, बर्फ आणि बँड वगैरे नाही, फक्त वायरलेस. कॅलिफोर्नियन नावाची बोट जवळ उभी होती पण तिचा एकुलता एक ऑपरेटर दिवसभर काम करून झोपायला गेला होता, आणि ५८ मैलांवरच्या कार्पेथियाचा ऑपरेटर हॅरोल्ड कॉटम, त्याचंही काम संपलं होतं, तो कपडे बदलत होता पण हेडफोन अजून कानावर होते. ७०० च्या वर माणसं वाचली ती त्यामुळे. मास्तर म्हणायचे, ‘वॉच संपली तरी एक सायलेन्स पीरियड ऐकूनच उठायचं रे बाबांनो.’ परीक्षेत हे कधी आलं नाही. मी मात्र सवय लावून घेतली होती.

म्हणून बसलो होतो. भारताच्या वेळेप्रमाणे दुपारचे ३:४५ (वायरलेस रूमचं घड्याळ जीएमटीवर असायचं, तिथे १०:१५, पण अर्ध्या तासाचा फरक असल्यामुळे लाल पाचर दोन्हीकडे येतेच). काटा लाल रंगात गेला आणि बाजार थांबला. एकेक सूर बंद होत गेला, शेवटी एक कुणीतरी आपला शब्द पुरा करून गप्प झाला. मग फक्त विजा.

आणि विजांच्या मागे, अगदी तळाशी, काहीतरी होतं.

मी व्हॉल्यूम पूर्ण वर नेला, फिल्टर अरुंद केला, डोळे मिटले. तीन टिंबं, तीन डॅश, तीन टिंबं. मधे वीज पडली की गायब. परत. मोर्स हातानं मारलेलं होतं आणि मारणारा घाबरला नव्हता, अक्षरं सावकाश आणि गोल होती, हे मला इतक्या वर्षांनी आठवतंय. तीन मिनिटांत त्यानं सगळं दोनदा पाठवलं. बोटीचा कॉलसाइन (तिची ओळखीची अक्षरं), पोझिशन, मग ‘कार्गो शिफ्टेड लिस्ट २५’. पहिल्यांदा मला पोझिशनचे आकडे अर्धेच मिळाले, दुसऱ्यांदा उरलेले. पश्चिम किनाऱ्यावरच्या एका बंदरातून आयर्न ओरची भुकटी भरून निघालेली बोट. हा माल पावसात भिजलेला असला की वरून कोरडा दिसतो, पण बोट हलत राहिली की आतलं पाणी मोकळं होतं आणि सगळा ढीग चिखलासारखा एका बाजूला वाहतो, आणि परत येत नाही. बोट २५ अंश कललेली, इंजिन बंद, जनरेटर बंद, म्हणजे तो माणूस बॅटरीवरच्या ट्रान्समीटरवर होता. नंतर कळलं की तो तासभर हाका मारत होता. अलार्मचे डॅशही त्यानं पाठवले होते. आमची घंटा वाजली नव्हती.

मी की दाबली आणि उत्तर दिलं, तीनदा त्याचा कॉलसाइन, तीनदा आमचा, मग आर आर आर (मिळालं), एसओएस. एक क्षण काहीच नाही. मग त्यानं पाठवलं, ‘टीयू’. थँक यू. बस दोन अक्षरं. माझा हात तेव्हा थरथरला, आधी नव्हता थरथरला.

ब्रिजला फोन केला, कॅप्टन साहेब चहाचा कप तसाच हातात घेऊन आले. नकाशावर बघितलं तर आमच्या उत्तरेला साधारण ८० मैल. ते जास्त बोलले नाहीत, ‘जायचं’ एवढंच म्हणाले आणि पाच मिनिटांत बोट वळली. माल भरलेली बोट, वर ती लाट, ९ नॉटच्या वर काही मिळेना. त्यांच्या परवानगीनं मी आमच्या मोठ्या ट्रान्समीटरवर अलार्म पाठवला, घड्याळाच्या सेकंदकाट्यावर नजर ठेवून बारा डॅश, मग डीडीडी (हाक दुसऱ्या बोटीची आहे अशी खूण) लावून त्याचा एसओएस सगळ्यांसाठी परत प्रसारित केला. किनाऱ्यावरच्या कोचीन रेडिओ स्टेशननं लगेच उचललं, कंट्रोल हातात घेतला आणि ‘क्यूआरटी एसओएस’ वाजवलं. मतलब बाकीच्यांनी आता गप्प राहायचं, तीन मिनिटं नाही, संपेपर्यंत. आणि सगळा अरबी समुद्र खरोखर गप्प झाला हो.

आता प्रश्न असा की त्यानं दिलेली पोझिशन कितपत खरी. त्यालाही दोन दिवस सूर्य मिळाला नव्हता, त्याचाही हिशोबच. मी त्याला लांब डॅश पाठवायला सांगितला आणि डायरेक्शन फाइंडरचं चाक फिरवत बसलो. यात आवाज मोठा कुठे होतो ते बघायचं नसतं, आवाज कुठे मरतो ते बघायचं असतं, कारण मरणारी जागा नेमकी मिळते. तीनदा घेतलं. नकाशावरच्या दिशेपेक्षा १३ अंश पूर्वेला. ८० मैलांवर १३ अंश म्हणजे १८ मैलांची चूक. सेकंड मेटला पटेना, पण एका बेअरिंगनं (सिग्नलच्या दिशेच्या मापानं) फक्त रेघ मिळते, जागा नाही, म्हणून कोचीननं पश्चिमेकडच्या एका टँकरलाही बेअरिंग घ्यायला सांगितलं. दोन रेघा जिथे छेदल्या ती जागा त्याच्या हिशोबाच्या आग्नेयेला निघाली. पावसाळ्यात तिथला प्रवाह आग्नेयेलाच ओढतो. सेकंड मेटनं काही न बोलता जुनी खूण खोडरबरनं पुसली.

संध्याकाळी साडेसातला त्यानं पाठवलं, लिस्ट ३५, बोट सोडतोय. मग त्यानं की खाली दाबून ठेवली, लांब सूर, शेवटचं बेअरिंग मिळावं म्हणून. तो सूर बॅटरीबरोबर हळूहळू बारीक होत गेला. मी तो थांबेपर्यंत ऐकला.

त्यानंतरचे दोन तास सगळ्यात वाईट. आमचा सारंग, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, दाभोळकडचा, पन्नाशीचा माणूस, वायरलेस रूममध्ये कधी पाय न ठेवणारा, दारात येऊन उभा राहिला. ‘मार्कोनी साब, काय ऐकू येता?’ मी नाही म्हणून मान हलवली. तो गेला नाही. तिथेच चौकटीला टेकून उभा राहिला आणि खाली डेकवर जाळं कसं बांधलंय, दोऱ्या कुठे लावल्यात, ते मला सांगत राहिला, मला त्याची गरज नव्हती पण त्याला सांगायची होती.

९:५० ला सिग्नल आला. लाइफबोटीतला सेट. हा डबा हातानं चालवायचा असायचा, दोन्ही बाजूंना दांडे, माणसं फिरवतील तितका वेळ वीज, थांबले की बंद. एसओएस आणि लांब डॅश आपोआप जायचा, ऑपरेटर असलाच पाहिजे असं नव्हतं. आवाज खालीवर होत होता, चढायचा, मग उतरत उतरत जायचा, मग जरा शांतता, आणि एकदम जोरात परत. मला कळलं की हात बदलले. मी सारंगाच्या कानाला एक हेडफोन लावला. त्याला मोर्स येत नव्हतं. त्यानं थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाला, ‘हा दमलाय. आता दुसरो बसलो.’ बरोबर सांगत होता.

आवाज मरायची जागा आता जवळजवळ नाकासमोर आली होती. दर दहा मिनिटांनी मी बेअरिंग ब्रिजला ओरडून सांगायचो आणि सुकाणी तेवढं वळवायचा. रात्री लांबच्या सिग्नलवर हे यंत्र फसवतं, आकाशातून परत आलेली रेडिओची लाट मिसळते, पण तो सेट लहान होता, जवळ होता, त्यामुळे रेघ स्थिर मिळाली. एकच्या सुमारास लुकआउटला लाल फ्लेअर दिसला. पुढचं माझं काम नव्हतं, मी खोलीतच होतो, जे ऐकलं ते भिंतीपलीकडून, इंजिनची घंटा, सारंगाचा आवाज, दोऱ्या ओढताना एका सुरातलं ओरडणं. पहाटे चारच्या आत २३ जण वर आले. एक जण आला नाही, बोट सोडताना पडला होता. त्याचं नाव मला माहीत आहे, इथे लिहीत नाही.

त्यांचा रेडिओ ऑफिसर सकाळी माझ्याकडे आला. माझ्यापेक्षा वयानं लहान, दोन्ही तळवे दांड्यानं सोललेले. आम्हाला एकमेकांची भाषा नीट येत नव्हती. तो खुर्चीत बसला, घड्याळाकडे बघितलं आणि लाल पाचरीवर बोट ठेवलं, मग स्वतःच्या कानाला लावलं. मी हो म्हटलं.

थोड्या वेळानं कोचीननं ‘क्यूयूएम’ पाठवलं. नेहमीचं काम सुरू करायला हरकत नाही. एकदम सगळा बाजार परत भरला, पंधरा-वीस सूर एकाच वेळी, रात्रभर थांबलेल्या तारा, मालकांचे निरोप, हवामान, कुणाला तरी घरी मुलगा झाल्याची बातमी. तो ऐकत बसला होता. ४५ ला सगळे गप्प झाले. मी लॉगबुक त्याच्याकडे सरकवलं आणि पेन दिलं, आणि तीन मिनिटांनी त्यानं सोललेल्या हातानं माझ्या लॉगमध्ये लिहिलं, सायलेन्स पीरियड ऑब्झर्व्ह्ड, निल हर्ड.