रक्तातलं एस्ट्रोजेन वेगळं, अस्तरातलं वेगळं

पाळीच्या २१व्या दिवसाच्या आसपास रक्तातलं एस्ट्रॅडिओल (सर्वांत जोरकस एस्ट्रोजेन) चांगलं वर असतं, तरी गर्भाशयाच्या अस्तरातल्या ग्रंथींची वाढ थांबलेली असते. अंडं सुटल्यावर वाढणारं संप्रेरक प्रोजेस्टेरॉन एस्ट्रोजेनला 'विरोध करतं' म्हणून सोडून दिलं की गंमत निसटते. हा विरोध बराचसा एन्झाइममार्फत होतो.

ग्रंथींच्या पेशींत १७-बीटा-हायड्रॉक्सिस्टेरॉइड डिहायड्रोजनेज प्रकार २ हे एन्झाइम एनएडी या मदतनीस रेणूच्या साहाय्यानं जोरकस एस्ट्रॅडिओलचं दुबळं एस्ट्रोन करतं. अंडं सुटल्यानंतर त्याची क्रिया आधीच्या सुमारे दहापट होते. ती प्रोजेस्टेरॉनमुळेच वाढते, हे त्सेंग आणि गुरपीडे या संशोधकांनी १९७५मध्ये दाखवलं. हुकूम मात्र वळसा घेऊन येतो: प्रोजेस्टेरॉन ग्रंथींभोवतालच्या स्ट्रोमा (आधार देणाऱ्या) पेशींवर काम करतं आणि त्यांच्याकडून ग्रंथींना निरोप जातो. त्यामुळे नुसत्या ग्रंथी-पेशी वाढवून त्यात प्रोजेस्टेरॉन घातलं की निकाल फिका येतो. आधी एस्ट्रोजेन मिळालेलं नसेल तरीही तेच, कारण प्रोजेस्टेरॉनला पकडणारे रिसेप्टर एस्ट्रोजेनच तयार करवतं.

हे एन्झाइम मोजताना अस्तराचा तुकडा, म्हणजे ऊतक, बर्फात आणावं आणि रक्त जाईपर्यंत थंड सलाइननं धुवावं. तांबड्या पेशींतही असंच रूपांतर चालतं, म्हणून आकडा उगाच फुगतो. वाटलेल्या ऊतकात भरपूर एनएडी घालावं. एनएडीपीएच हा दुसरा मदतनीस रेणू घातला तर उलटी क्रिया, म्हणजे एस्ट्रोनचं एस्ट्रॅडिओल होणं, मोजली जाण्याची भीती. एन्झाइम पेशीतल्या पटलांना चिकटलेलं असतं, तेव्हा १,००,००० जी (गुरुत्वाकर्षणाच्या लाखपट) बळानं फिरवून वरचं पाणी तपासणाऱ्याच्या हाती फारसं काही लागत नाही. नेहमीची चूक म्हणजे वाटलेल्या ऊतकातच प्रोजेस्टेरॉन घालून वाट पाहणं. संप्रेरक एन्झाइमला चेतवत नाही, जिवंत पेशीकडून नवं बनवून घेतं. त्याला काही तास ते दोन-तीन दिवस लागतात. नमुन्यासोबत पाळीचा दिवस नोंदलेला नसेल तर आकड्याला अर्थ नाही.

प्रोजेस्टेरॉन ओसरलं की प्रोस्टाग्लँडिन (कळा आणणारं रसायन) मोडणारं एन्झाइम कमी होतं, प्रोस्टाग्लँडिन बनवणारं एन्झाइम कॉक्स-२ वाढतं, आणि दबून असलेली मेटॅलोप्रोटिनेजेस ही प्रथिनं तोडणारी एन्झाइम अस्तराचा सांगाडा तोडू लागतात. पाळी येते, कळा येतात. मेफेनामिक ॲसिड हे वेदनाशामक औषध कॉक्सला, म्हणजे बनवणाऱ्यालाच, अडवतं. झालेलं प्रोस्टाग्लँडिन ते काढत नाही. म्हणून गोळी कळा सुरू होतानाच घेतलेली बरी.

एंडोमेट्रिओसिसच्या (अस्तरासारखं ऊतक गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या) गाठींत एस्ट्रॅडिओल दुबळं करणारं ते प्रकार २ एन्झाइम फार कमी सापडतं, आणि वर एस्ट्रोजेन बनवणारं अरोमाटेज असतं. म्हणजे एस्ट्रोजेन तिथंच बनतं आणि तिथंच साचतं, रक्ताचा अहवाल नॉर्मल असला तरी.