आठचाकी आर्गोला रबरी ट्रॅक बसवले: माझा अनुभव

कॅनडात, उत्तर ऑन्टारिओत टिमिन्सच्या पुढे पक्का रस्ता संपला की मस्केग, म्हणजे शेवाळाची दलदल लागते. वर हिरवंगार शेवाळ, मधूनमधून खुरटे काळे स्प्रूस वृक्ष आणि खाली पाण्याने गच्च भरलेलं पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर. आमचं काम खनिज सर्वेक्षणाचं, म्हणजे नेमकं याच जागी सामान घेऊन शिरायचं. त्यासाठी आमच्याकडे आर्गो आहे. जमिनीवर चालणारी आणि पाण्यात तरंगणारी ही गाडी 1967 पासून ऑन्टारिओतच बनते; कारखाना न्यू हॅम्बर्गला आहे. नुसत्या टायरवरही ती पुष्कळ जाते. पण पावसाळी शरदात शेवाळाचा थर एकदा फाटला की आठही चाकं जागेवरच फिरत राहतात. म्हणून रबरी ट्रॅक, म्हणजे चाकांवरून गुंडाळायचे रुंद पट्टे, घ्यायचं ठरलं आणि ते चढवायचं काम माझ्याकडे आलं.

आधी मी कागदावर हिशोब केला. गाडी, ट्रॅक, थोडं सामान आणि दोन माणसं मिळून साधारण 800 किलो. दोन्ही ट्रॅक 45 सेंटिमीटर रुंद, प्रत्येकाचा जमिनीला टेकणारा भाग 1.8 मीटरच्या आसपास. दर चौरस सेंटिमीटरला जेमतेम 50 ग्रॅम भार येतो. बूट घातलेला माणूस याच्या दुपटीहून जास्त भार टाकतो! आजऱ्याकडे मामा भाताच्या चिखलणीला ट्रॅक्टरला लोखंडी केजव्हील लावतो, त्यातलंही निम्मं गणित हेच: चाक रुंद, तर बुडणं कमी.

रणगाड्याचा पट्टा दातेरी चाकाने ओढला जातो. आर्गोत तसं काही नाही. ट्रॅकला आतून उभे कान असतात, त्यांच्यामध्ये टायर बसतो आणि टायरची पकडच ट्रॅक फिरवते. म्हणजे ट्रॅकचा ताण हा टायरमधल्या हवेतून येतो. ही एक गोष्ट नीट समजली की बाकीचं काम सरळ आहे.

सुरुवात ट्रॅकपासून नाही, एक्सलपासून. रुंद ट्रॅकमुळे एक्सलच्या बाहेरच्या टोकावर जास्त जोर येतो, म्हणून जादा आधाराची बेअरिंग आधी बसवावी लागतात. या खर्चात काटकसर करू नये असं माझं ठाम मत आहे. एक्सल दलदलीत वाकला तर तिथे कोण येणार? बेअरिंग बसवून ग्रीस भरलं. चाकं फिरवणाऱ्या चेन गाडीच्या पोटात असतात, त्यांचा ढिलेपणाही तेव्हाच पाहून घेतला. ट्रॅक आदल्या रात्री गरम गॅरेजमध्ये उलगडून ठेवले, कारण थंडीत रबर लाकडासारखं ताठ होतं.

मग गाडी जॅकने उचलून फ्रेमखाली लाकडी ठोकळे दिले आणि एका बाजूच्या चारही चाकांची हवा बरीचशी सोडली. ट्रॅक चाकांखालून घेऊन वर गुंडाळला, कान टायरच्या दोन्ही बाजूंना येतात का ते प्रत्येक चाकाशी वाकून पाहिलं. टोकं एकमेकांकडे आणायला दोन रॅचेट पट्टे लावले, एक आतल्या कडेला, एक बाहेरच्या. दोन्ही आळीपाळीने आवळायचे. नाहीतर ट्रॅक तिरका होतो आणि बोल्टची भोकं जुळत नाहीत. भोकं जुळली की बोल्ट आधी हाताने, मग टॉर्क पान्याने.

खरा वेळ हवेने घेतला. मामाला व्हिडिओ कॉलवर गाडी दाखवत होतो, तर तो म्हणाला, "अरं, हवा सारखी कर आधी. एका अंगाला कमी, एका अंगाला जास्त असली की वढणारच ती."

"मामा, गेजवर सारखीच आहे."

"गेज ऱ्हाऊ दे. टायर मोज."

त्याचं म्हणणं गाडीच्या पुस्तिकेशी तंतोतंत जुळत होतं. एका बाजूची चारही चाकं चेनने बांधलेली, सगळी एकाच वेगाने फिरणार. त्यातला एक टायर थोडा मोठा असला तरी तो दर फेऱ्याला जास्त अंतर कापू पाहतो, ट्रॅकमध्ये घासतो आणि तो ताण थेट चेनवर जातो. एकाच हवेवरही जुना टायर नव्यापेक्षा जास्त फुगतो. म्हणून पुस्तिकेतल्या आकड्यापर्यंत हवा भरून मी प्रत्येक टायरचा घेर कापडी टेपने मोजला आणि चिमूटभर हवा सोडत-भरत आठही घेर जुळवले. गेज कमी दाबाचा, 0 ते 10 पीएसआयचाच हवा. मोटारीच्या गेजवर एवढ्या कमी हवेचा फरक कळतच नाही.

पहिली फेरी सपाट जागेवर, हळू. ट्रॅकवर गाडी वळायला जड जाते. ती एका बाजूला ब्रेक लावून वळते, त्यामुळे तीव्र वळणं घेतली की ब्रेक तापतात. मी रुंद वळणं घेतली, परत येऊन जोडाचे बोल्ट पुन्हा आवळले आणि घेर पुन्हा मोजले.

पाण्याची चाचणी शेवटी. ट्रॅकच्या वजनाने गाडी थोडी खोल बसते, म्हणून पाण्यात नेताना तेवढं सामान कमी करायचं. तळाची बुचं घट्ट आहेत याची खात्री केली आणि उथळ तळ्यात उतरलो. पलीकडच्या मऊ काठावर, जिथे नुसत्या टायरवर आम्हाला दर वेळी विंच (तार गुंडाळून गाडी ओढणारं यंत्र) लावावी लागायची, तिथे गाडी एका दमात वर चढली. आमच्या टोळीने आता विंचची तार बदलण्याचं काम पुढे ढकललं आहे. चेनला तेल देणं आणि घेर मोजणं मात्र दर आठवड्याच्या यादीत घातलं आहे.