व्हॉल्व्ह बदलण्याआधी वीस मिनिटं

गिटारचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प दुरुस्तीला आला की नवे व्हॉल्व्ह, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या काचेच्या निर्वात नळ्या, लावण्याआधी मी तो जुन्याच व्हॉल्व्हवर वीसेक मिनिटं चालू ठेवते. गिऱ्हाईक घाईत असलं तरी ठेवते. कोल्हापूरहून अ‍ॅम्प घेऊन आलेल्या त्या मुलाला हे अजिबात पटलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुण्यातच त्याचं रेकॉर्डिंग होतं आणि हातात नव्या व्हॉल्व्हचा अख्खा सेट होता. “ताई, आवाज मेलाय त्याचा. सगळे व्हॉल्व्ह आणलेत, तेवढे बसवून द्या, मी थांबतो,” एवढंच त्याचं म्हणणं.

अ‍ॅम्प अमेरिकन बनावटीचा, साठच्या दशकातल्या रचनेवर बेतलेला, २२ वॅटचा. शेवटच्या टप्प्यात ६व्ही६ व्हॉल्व्हची जोडी, एसीचं डीसी करणारा जीझेड३४ रेक्टिफायर आणि पुढे सहा छोटे व्हॉल्व्ह, त्यातले चार १२एएक्स७ आणि दोन १२एटी७. तिकडून परतलेल्या कुणाकडून त्याने सेकंडहँड घेतला होता, त्यामुळे १२० व्होल्टचा, सोबत स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर. असा अ‍ॅम्प नीट बोलत असेल तर हलक्या हाताने छेडलं की स्वच्छ काचेसारखा आवाज येतो आणि जोरात छेडलं की कडेने किंचित फाटतो. त्या फाटण्यासाठीच लोक व्हॉल्व्हच्या मागे वेडे होतात, आणि मला ते वेड मान्य आहे.

मी विचारलं, “आवाज सुरुवातीपासून खराब असतो की नंतर होतो?”

तो जरा थांबला. “पहिली दहा मिनिटं बरा असतो. मग घूं घूं वाढतं आणि आवाज बसतो.”

हे ऐकल्यावर नवा सेट मी कपाटात ठेवला. नुसता म्हातारा झालेला व्हॉल्व्ह सहसा असा घड्याळ लावून बिघडत नाही.

चेसिस बाहेर काढली, उलटी करून लाकडी ठोकळ्यांवर ठेवली, स्पीकर जोडला. स्पीकर न जोडता व्हॉल्व्ह अ‍ॅम्प चालवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो, म्हणून ही जोडणी मी दोनदा तपासते. दुकानातला दिवा मालवला. पहिली काही मिनिटं दोन्ही ६व्ही६ नेहमीसारखे, आत फिलामेंटची नारिंगी रेघ आणि बाहेरची प्लेट काळीकरडी. मग उजव्या व्हॉल्व्हच्या प्लेटवर, शिवणीच्या बाजूला, तांबूस डाग दिसायला लागला. डाग पसरत गेला आणि त्याबरोबर स्पीकरमधली घूं घूं चढत गेली. प्लेट लाल व्हायला लागली तसा मी स्विच बंद केला.

त्या मुलाने हे आधी कधी पाहिलं नव्हतं, कारण अ‍ॅम्प नेहमी पेटीत, व्हॉल्व्ह मागच्या बाजूला. “बघा, व्हॉल्व्हच गेलाय,” तो म्हणाला.

गार झाल्यावर दोन्ही ६व्ही६ची अदलाबदल केली. डावा उजवीकडे, उजवा डावीकडे. पुन्हा चालू. व्हॉल्व्हच खराब असता तर लाली त्याच्याबरोबर डावीकडे गेली असती. ती उजवीकडेच राहिली. आता चांगला व्हॉल्व्ह लाल होत होता. सॉकेट तोच, व्हॉल्व्ह वेगळा. नवी जोडी बसवून दिली असती तर रेकॉर्डिंगच्या मध्येच तिचीही तीच गत झाली असती. त्याचा चेहरा उतरला, आणि त्यानंतर त्याने घाई केली नाही. स्टूल ओढून शेजारी बसला.

घूं घूं का वाढत होती तेही मी त्याला सांगितलं. दोन ६व्ही६ एकमेकांच्या विरुद्ध ओढतात, त्यामुळे पॉवर सप्लायची घरघर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये एकमेकींना खाऊन टाकते. एकाने जास्त करंट घेतला की हा तोल जातो आणि घरघर स्पीकरपर्यंत पोचते.

पुढचं काम जिवावरचं असतं. या अ‍ॅम्पमध्ये सव्वाचारशे व्होल्टच्या आसपास असतात, आणि प्लग काढला तरी फिल्टर कपॅसिटरमध्ये ते टिकून राहू शकतात. ते रेझिस्टरमधून उतरवायचे आणि शून्य झालेत का ते मीटरने बघायचं. चालू अ‍ॅम्पमध्ये मोजताना डावा हात खिशात. ही सवय बाबांनी लावली. त्यांचं रेडिओदुरुस्तीचं दुकान तापकीर गल्लीजवळ होतं, आणि गणपतीच्या दिवसांत मंडपवाल्यांचे व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर रात्र रात्र दुरुस्त होत असत. खिशातला हात बाहेर दिसला की ते सोल्डरिंग बाजूला ठेवून माझ्याकडे बघत राहायचे.

दोन्ही ६व्ही६ काढून घेतले आणि दोन्ही सॉकेटांच्या पाच नंबरच्या पिनवर, म्हणजे ग्रिडवर, व्होल्टेज मोजलं. डावीकडे उणे ३७, उजवीकडे उणे ३६. अगदी ठीक. पण ही उघडी, गार चेसिस होती आणि बिघाड तापल्यावरचा होता. म्हणून केस वाळवायचा ड्रायर घेतला आणि फेज इन्व्हर्टरकडून, म्हणजे दोन ६व्ही६ना एकमेकांच्या उलट सिग्नल देणाऱ्या टप्प्याकडून, उजव्या ग्रिडकडे येणाऱ्या कपॅसिटरवर धरला. मीटर हलला. उणे ३३, उणे २८, मग उणे २१. डावी बाजू जागची हलली नाही.

ग्रिडवरचा हा उणे दाब व्हॉल्व्हला आवरून धरतो. उणे ३७ असेल तर ६व्ही६ बेताचा करंट घेतो, उणे २१ ला तो मोकाट सुटतो. तो कपॅसिटर फक्त आवाजाचा सिग्नल पुढे जाऊ देतो आणि मागच्या टप्प्यावरचे दोनशे-सव्वादोनशे व्होल्ट डीसी अडवतो. तो गळत होता. खात्रीसाठी त्याचं ग्रिडकडचं टोक सोडवून मीटर लावला. चांगल्या कपॅसिटरमागे आकडा उतरत शून्याजवळ यायला हवा, इथे तो दीडशेच्या वर ठाण मांडून बसला.

कपॅसिटर मूळचा नव्हताच. आधी कुणीतरी बदललेला, त्यावर २५० व्होल्ट छापलेलं. एका टोकाला अधिक २३०, दुसऱ्या टोकाला उणे ३७. म्हणजे त्याच्या अंगावर रात्रंदिवस २६७ व्होल्ट. माप चुकीचं निवडलं की भाग असा हळूहळू हार मानतो, आणि दोष मात्र व्हॉल्व्हवर जातो. दोन्ही बाजूंना ०.१ मायक्रोफॅरडचे ६३० व्होल्टवाले नवे घातले. ड्रायरने पुन्हा तापवलं, दोन्ही ग्रिड जागच्या जागी.

मग त्याची नवी ६व्ही६ जोडी लावली, स्लोव्हाकियातल्या चादत्सा गावी बनलेली. २०२२ मध्ये रशियाने निर्यातीवर बंधनं घातल्यावर सारातोवच्या कारखान्यातला माल अडला आणि व्हॉल्व्हच्या किमती भडकल्या, तेव्हापासून मी चांगली जोडी जपूनच वापरते. सॉकेट आणि व्हॉल्व्हमध्ये बसणारा प्रोब लावून बायस, म्हणजे काही वाजत नसताना व्हॉल्व्ह घेतो तो करंट, बघितला. प्लेटवर ४३० व्होल्ट. १४ वॅटच्या व्हॉल्व्हला सत्तर टक्के धरले तर ९.८ वॅट, म्हणजे जवळपास २३ मिलीअँपिअर. मी २२ वर थांबवला. शेवटचा एक मिलीअँपिअर कानाला कळत नाही, व्हॉल्व्हच्या आयुष्याला कळतो.

दुपार कलली होती. आता खरा आवडीचा भाग. त्याला सगळे छोटे व्हॉल्व्ह एकदमच बदलायचे होते. मी म्हटलं, “एकेक बदलू, नाहीतर कशाने काय झालं ते कळणार नाही.” गिटार ज्या चॅनेलमध्ये लावतो त्याच्या पहिल्या १२एएक्स७चा परिणाम सगळ्यात जास्त, कारण त्याचा रंग पुढचे सगळे टप्पे वाढवत नेतात. त्याच्याकडे लूपर होता, वाजवलेला तुकडा भरून पुन्हा पुन्हा ऐकवणारं यंत्र. एक तुकडा त्यात भरून घेतला, म्हणजे प्रत्येक वेळी वाजवणं तेच. आवाजाची पातळीही दरवेळी जुळवून घेतली, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमी चांगलाच वाटतो.

त्याचा नवा १२एएक्स७ तेज होता, वरच्या तारांवर थोडा टोचणारा. मग ५७५१ लावला. त्याचा वर्धनांक १०० ऐवजी ७०, त्यामुळे आवाज स्वच्छ राहिला, पण त्याला हवं ते फाटणं फार उशिरा यायला लागलं. मग बाबांच्या खोक्यातले दोन ईसीसी८३ काढले, बंगळूरच्या बीईएलमध्ये, म्हणजे भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये, बनलेले. १२एएक्स७चंच हे युरोपीय नाव, तीच पिनजोडणी. पहिला पेन्सिलीने टिचकी मारताच स्पीकरमधून टणकारला, तो बाद. दुसरा गप्प होता.

लूपर बंद करून त्याने गिटार हातात घेतली, कारण बोटांना व्हॉल्व्ह कसं उत्तर देतो ते लूपर सांगू शकत नाही. मानेकडच्या पिकअपवर त्याने एकच सूर धरला आणि तो सूर संपेपर्यंत पुढचा छेडला नाही. सुरुवातीची धार मऊ झाली होती, आणि मागून सूर उलगडत जात होता. “ताई, हाच राहू दे,” तो म्हणाला.

त्याचे बाकीचे १२एएक्स७ खोक्यातच राहिले. अ‍ॅम्पमधले जुने तपासले तर अजून भक्कम होते, त्यामुळे काढायचं कारण नव्हतं. लाल झालेल्या दोन्ही ६व्ही६वर मी पेनाने खूण केली, म्हणजे अडीनडीला कुणी जोडी म्हणून लावणार नाही.

काही महिन्यांनी बायस तपासायला ये म्हणून बजावलं होतं, तसा तो आला. एक २३, दुसरा २२. मी बायसच्या स्क्रूला हात लावला नाही.