संकल्पचित्राचा सराव: छायामूल्य, रिकामी जागा आणि पैठणीचा काठ

संकल्पचित्राच्या (डिझाइनच्या) अभ्यासात बिंदू आणि रेषा यांचा सराव झाल्यावर या टप्प्यात मी रंग मुद्दाम बाजूला ठेवले आणि छायामूल्य, म्हणजे एखादी छटा किती उजळ किंवा किती गडद आहे, या एकाच घटकापासून सुरुवात केली. नवशिक्या विद्यार्थ्यांना बहुधा रेषा, आकार, रंग, छायामूल्य, पोत, अवकाश ही घटकांची यादी आणि तोल, लय, प्रमाण, प्राबल्य, विरोध, ऐक्य ही तत्त्वांची यादी एकाच दमात पाठ करायला मिळते. परंतु पहिल्या यादीतील गोष्टी कागदावर प्रत्यक्ष काढता येतात, तर दुसऱ्या यादीतील एकही गोष्ट सुटी काढता येत नाही. रेषा काढावी लागते, दोन रेषांमधील अंतर बदलावे लागते, तेव्हा कुठे लय दिसू लागते. म्हणून घटक एकेक करून हाताळावेत आणि तत्त्वे त्यांतून उमगू द्यावीत, असे माझे ठाम मत झाले आहे.

पहिले काम पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतच्या चौकटींच्या पट्टीचे होते. अमेरिकन चित्रकार आणि कलाशिक्षक आल्बर्ट मन्सेल यांनी रंगाचे वर्ण, मूल्य (म्हणजेच छायामूल्य) आणि तीव्रता असे तीन गुण वेगळे केले आणि मूल्याच्या मोजपट्टीवर काळ्याला 0 व पांढऱ्याला 10 हे अंक दिले. पोस्टर कलरने ही पट्टी करताना नेहमी पांढऱ्यापासून सुरुवात करावी आणि ब्रशच्या टोकाने थोडाथोडा काळा मिसळत जावे, कारण काळ्याला उजळ करायला पांढरा रंग फार खर्ची पडतो. वाळल्यावर उजळ छटा किंचित गडद आणि गडद छटा किंचित फिकी होते, त्यामुळे ओल्या चौकटीवरून निर्णय घेऊ नये. पट्टी तयार झाली की एक गोष्ट लगेच ध्यानात येते: शुद्ध पिवळा मुळातच वरच्या पायरीवर बसतो आणि जांभळा खालच्या, लाल आणि हिरवा मात्र सहज एकाच पायरीवर येऊ शकतात. अशा लाल-हिरव्या रचनेचे मोबाइलवर कृष्णधवल छायाचित्र काढले, तर आकारांच्या कडा जवळजवळ नाहीशा होतात. रंगांचा विरोध आणि छायामूल्यांचा विरोध या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे या चाचणीइतके स्पष्टपणे दुसरे काही दाखवत नाही.

दुसरा सराव रिकाम्या जागेचा होता. काळ्या कागदाच्या चौरसाच्या कडेतून आकार कापून काढायचा आणि तोच तुकडा कडेच्या बाहेर उलटा करून पांढऱ्या कागदावर चिकटवायचा. काळ्या-पांढऱ्याच्या या विचाराला नोतान हा जपानी शब्द वापरतात. कापलेली पोकळी आणि चिकटवलेला तुकडा सारख्याच जोराने डोळ्यांत भरले, तर रचना जमली असे समजावे. छत्रपती संभाजीनगरच्या बीबी का मकबऱ्यातील जाळ्या हाच विचार दगडात करतात. त्यांच्यासमोर बसून प्रथम केवळ पोकळ्यांचे आकार रेखाटावेत, दगडाचा आकार मग आपोआप उरतो. तिथेच तोलाचाही अभ्यास होतो, कारण मुख्य वास्तूचा सममित तोल चार मिनारांनी बांधलेला आहे, तर पश्चिमेला नंतर उभारलेली मशीद त्या मांडणीत असममितता आणते.

सर्वाधिक वेळ मात्र मी पैठणीच्या काठाला दिला आणि तो सार्थकी लागला. हातमागावर प्रत्येक रंगाचा आडवा धागा आपल्या ठरलेल्या जागेपुरताच फिरतो आणि शेजारच्या धाग्यात गुंतून परततो, म्हणून अशा काठाची मागची बाजूही पुढच्यासारखीच दिसते. उभ्या-आडव्या धाग्यांच्या या चौकटीत खरी वक्ररेषा असू शकत नाही. आलेख कागदावर मोराची मान उतरवताना मी एकेक घर भरत गेलो, तेव्हा लक्षात आले की मानेचा डौल सर्वस्वी पायऱ्यांच्या लांबीवर अवलंबून आहे: तीन घरे वर आणि एक आडवे, मग दोन वर आणि एक आडवे, मग एकास एक, असे प्रमाण क्रमाने बदलले की डोळा तिथे बाक पाहतो, प्रमाण एकदम बदलले की मान मोडल्यासारखी दिसते. लय म्हणजे निव्वळ पुनरावृत्ती नव्हे, तर बदलाचा क्रम, हे मला या घरांनी शिकवले.

लाल-हिरव्याची चाचणी सोडली, तर रंग मी इथे प्रथम वापरले आणि शेजारधर्माचा परिणाम पाहिला. पॅरिसच्या गोबेलँ विणकामशाळेत रंगविभाग सांभाळणारे रसायनशास्त्रज्ञ शेव्ह्रल यांच्याकडे काळा रंग फिका पडतो अशी तक्रार आली होती. दोष रंगात नसून शेजारच्या धाग्यांच्या रंगात आहे, हे त्यांनी ओळखले आणि आपला अभ्यास 1839 मध्ये प्रसिद्ध केला. मी एकाच हिरव्याचा पोपट जरीच्या पिवळ्या जमिनीवर (म्हणजे पार्श्वभूमीवर) आणि गडद जांभळ्या जमिनीवर रंगवला. पिवळ्यावर तो गडद आणि निळसर वाटतो, जांभळ्यावर तोच उजळ होऊन पुढे येतो. पिवळ्यावरील पोपटाला गडद बाह्यरेषा दिल्यावर त्याचा आकार ठसठशीत झाला. जांभळ्यावर ती रेषा जमिनीत विरून गेली, तिथे उजळ रेषा हवी.

पोताचा सराव अजून प्राथमिक आहे. पुढचे काम प्राबल्याचे आहे: पोपटांच्या एकसारख्या ओळीत एकाच पोपटाचे आधी केवळ छायामूल्य, मग केवळ आकारमान आणि शेवटी केवळ दिशा बदलायची, आणि तिन्ही पट्ट्या भिंतीवर शेजारी लावून दूरवरून कोणता पोपट आधी नजरेत भरतो ते पाहायचे. सोबत करणाऱ्यांनी तिन्ही पट्ट्यांसाठी एकच कागद आणि एकच जमिनीचा रंग ठेवावा, म्हणजे तुलना खरी होईल.