पुस्तकं घेण्याआधी अभ्यासक्रमाची पानं हातात घ्या

गावाकडून कुणी राज्यसेवेच्या तयारीला पुण्यात आलं की आधी अप्पा बळवंत चौक गाठतं आणि पिशवीभर पुस्तकं घेऊन येतं. माझं कळकळीचं सांगणं आहे, आधी महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या संकेतस्थळावरून अभ्यासक्रम छापून घ्या.

पूर्व परीक्षेत दोन पेपर, प्रत्येकी 200 गुणांचे, दोन-दोन तासांचे. पहिल्यात सामान्य अध्ययनाचे 100 प्रश्न. गुणवत्ता यादी याच पेपरवर ठरते. दुसरा, म्हणजे सीसॅट (उताऱ्यांचं आकलन आणि तर्कक्षमता तपासणारा पेपर), फक्त पात्रतेसाठी: 33 टक्के लागतात. म्हणून त्याला हलकं समजू नका, पहिला पेपर उत्तम जाऊनही सीसॅटमध्ये अडकलेली मुलं आमच्या अभ्यासिकेत आहेत. हिशोब बघा: 80 प्रश्न, प्रत्येकी अडीच गुण, म्हणजे 27 बरोबर आले की पात्र, पण प्रत्येक चुकीमागे पाव हिस्सा गुण कापले जातात. उतारे वेळ खातात. घड्याळ लावून रोज दोन तरी सोडवा.

मी भिंतीवर अभ्यासक्रम चिकटवलाय आणि जुन्या पेपरातला प्रश्न ज्या घटकातला, त्यापुढे पेन्सिलीने साल लिहिते. 'महाराष्ट्राच्या विशेष संदर्भासह' हे तीन शब्द लाल केलेत, कारण समाजसुधारक, पंचायतराज, सह्याद्रीतल्या नद्या त्यातच येतात.

मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झालीये, एकूण नऊ पेपर. त्यामुळे लिहिण्याचा सराव पूर्वच्या निकालापर्यंत लांबवू नका. आजच एक उत्तर लिहून कुणाकडून तरी तपासून घ्या.